नऊ बेअरिंगं आणि पितृपंधरवडा

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. आमच्या स्वतःच्या जपानी गाडीचं बॉनेट उघडायची कळ कुठे आहे, हेही मला सांगता यायचं नाही. पण महायुद्धाच्या आधीच्या एका अमेरिकन गाडीबद्दल मी कुणालाही उभ्या उभ्या तासभर व्याख्यान देऊ शकते, आणि ते काही मी हौसेने शिकले नाही. समोरचा माणूस आठ वर्षं रोज जेवताना त्याच गाडीबद्दल बोलत असेल, तर बायकोच्या कानात काहीतरी शिरणारच. कानांना काही झाकणं नसतात.

तो माणूस म्हणजे माझा नवरा. पुण्याला पिंपरीकडे एका इंजिनांच्या कारखान्यात तो शिकाऊ म्हणून लागला आणि डिझाइनपर्यंत चढला. इथे ऑकलंडला आलो ते माझ्या शिक्षणावर. मी फार्मासिस्ट. माझ्या परीक्षा झाल्या, रजिस्ट्रेशन झालं, पापाकुराच्या एका केमिस्टकडे मी काउंटरमागे उभी राहिले. त्याला मात्र प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न, न्यूझीलंडचा एक्सपीरिअन्स आहे का? जिथे गाड्यांची इंजिनं बनतच नाहीत, तिथला इंजिनांचा एक्सपीरिअन्स आणायचा कुठून? शेवटी बसच्या डेपोत काम मिळालं. कुठली बस सर्व्हिसिंगला कधी जाणार, ते कॉम्प्युटरवर भरायचं. अजूनही तेच करतो. बसच्या इंजिनाला हात लावायची परवानगी नाही. कामाचं कुणी विचारलं की इथल्यांसारखं म्हणतो, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास. ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

म्हातारा आला तो माझ्याच काउंटरवर. हृदयाच्या गोळ्या न्यायला यायचा. उंच, खांद्यात वाकलेला, थंडीतसुद्धा शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, नखांत काळं ग्रीस. एकदा मी विचारलं, हे काय हो नखांत? म्हणाला, जुनी गाडी आहे, इंजिन उघडून बसलोय, बेअरिंगं गेलीत, आणि ती जुन्या पद्धतीने हाताने बसवणारे माझ्या ओळखीचे सगळे मेले. मी सहज बोलून गेले की माझा नवरा इंजिनवाला आहे. त्या शनिवारी नवरा "जरा बघून येतो" म्हणून गेला आणि संध्याकाळी परत आला तो कोपरापर्यंत काळा होऊन. तोंड नुसतं फुललेलं. त्या दिवशी मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

तर ती गाडी. कंपनीचं नाव मी घेत नाही. ती बिचारी कधीच बुडाली, आता नाव काढून कुणाचं भलं व्हायचंय? पण तिच्या काळात अमेरिकेत जो खरा श्रीमंत, त्याच्या दारात ती. राजेरजवाडे मागवायचे, आपल्याकडचे संस्थानिकही त्यात आले. पुढे हे लांबच लांब नाक, कारण आत आठ सिलिंडर एका ओळीत, पंगतीला बसवल्यासारखे. आता एवढं लांब इंजिन म्हटल्यावर आतला दांडाही तेवढाच लांब. क्रँकशाफ्ट म्हणतात त्याला. आठ पिस्टन वरखाली नाचतात, त्या नाचाचं गोल फिरणं हा दांडा करतो. लांब दांड्याला आधार कमी पडला तर तो वाकतो, थरथरतो, आणि ती थरथर मागे बसलेल्या शेठजींच्या बुडाला लागते. म्हणून ह्या कंपनीने त्याला नऊ ठिकाणी आधार दिला. ती नऊ बेअरिंगं. इतर लोक पाचांवर भागवायचे, असं नवरा सांगायचा, आणि "पाचांवर" म्हणताना असं तोंड करायचा की जणू त्यांनी वरणात पाणी घातलंय.

बाकीचीही थेरं काही कमी नव्हती. गाडीखाली ठिकठिकाणी तेल द्यावं लागायचं. ड्रायव्हरने रोज चिखलात आडवं होऊ नये म्हणून डॅशबोर्डखाली एक दांडी, ती ओढली की बारीक नळ्यांतून सगळ्या सांध्यांना तेल पोचायचं. रेडिएटरच्या पुढे उभ्या पट्ट्या, इंजिन गार असताना मिटलेल्या, तापलं की आपोआप उघडणाऱ्या. वरून पत्रा, पण आतून सुताराने जोडलेला लाकडाचा सांगाडा. आणि जोर असा, की टॉप गिअरमध्ये माणसाच्या चालीने गाडी चालवा आणि मग नुसता पाय दाबा, एक हिसका न देता ती उचलत जाणार. गिअर बदलायचा नाही, आवाज नाही, काही नाही. नवरा हे सांगायला लागला की त्याचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जायचा. मी पाहिलंय.

मग तिकडे मंदी आली. श्रीमंतच बुडाले, तर श्रीमंतांची गाडी घेणार कोण? आजूबाजूच्या बड्या बड्या कंपन्या पटापट झोपल्या. हिने मध्यमवर्गाला झेपेल अशी स्वस्त गाडी काढली, तेच नाव लावून, आणि त्यावर जगली. पण मग श्रीमंतांना वाटायला लागलं की कारकुनाच्या दारातही हीच उभी असते, आपण कशाला घ्यायची? युद्धानंतर हळूहळू सगळंच आटोपलं. "पोट भरलं, पण नाव गेलं," नवरा म्हणायचा. बसचं वेळापत्रक भरणाऱ्या माणसाने हे वाक्य म्हटल्यावर बायकोने काय बोलावं? मी आमटी वाढायची.

म्हाताऱ्याची गाडी ह्या देशात आली ती लोकरीच्या पैशावर. कॅनडात जोडलेली, म्हणजे इंग्रजांच्या साम्राज्यातला माल, म्हणून जकात कमी. आणि स्टिअरिंग उजवीकडे. दक्षिणेत कुणा मोठ्या मेंढीवाल्याने घेतली होती. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून पडून राहिली, आणि युद्धानंतर त्याच्या मुलाने मागचा अर्धा भाग करवतीने कापून टाकला आणि फळ्या ठोकून तिचा ट्रक केला. इथे त्या काळी सर्रास करायचे म्हणे, इंजिन दणकट, गवत ओढायला बरं. म्हाताऱ्याला पुढचा भाग एका भंगारवाल्याकडे सापडला आणि मागचा भाग, पुष्कळ वर्षांनी, भलत्याच एका शेतावर. त्याचं तिथे खुराडं केलं होतं. राजेरजवाड्यांच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. त्याने दोन्ही तुकडे जोडले, लाकूडकाम स्वतः केलं, रंग स्वतः लावला. अडलं ते इंजिनापाशी.

ते नवऱ्याच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं कसलं, त्यानेच हार घालून घेतला. हल्लीच्या इंजिनांत बेअरिंगचे तयार तुकडे मिळतात, बसवले की झालं. ह्या गाडीत तसं नाही. मऊ पांढरा धातू वितळवून जागच्या जागी ओतायचा, मशीनवर कोरून घ्यायचा आणि मग हाताने नीट करायचा. म्हणजे दांड्याला निळा रंग पातळ चोपडायचा, बेअरिंगमध्ये ठेवून फिरवायचा, काढायचा. जिथे निळं उमटलं तिथे धातू वर आलेला. तेवढाच धारदार पात्याने खरवडायचा. परत निळं, परत खरवड. खोबऱ्याला कळू नये अशा बेताने कुणी नारळ खवावा, तसं ते काम. आणि एकट्या बेअरिंगचं जमून चालत नाही, नऊच्या नऊ एका रेषेत यायला हवीत. एका शनिवारी सातव्यात पातं किंचित जास्त लागलं, तर ह्याने ते सातवं परत ओतलं आणि शेजारची दोन्ही परत जुळवली. त्यात हिवाळा गेला. पिंपरीला शिकाऊ असताना एका जुन्या फोरमनने हे त्याच्या हातात बसवलं होतं, आणि ती विद्या अख्ख्या ऑकलंडमध्ये ह्या एका शेडमध्ये तेवढी खपली.

शनिवार गेले. मुलीच्या नेटबॉलच्या मॅचेस मी एकटीने पाहिल्या. मंडळाच्या गणपतीत आरतीला मी एकटी, सँडरिंगहॅमला किराणा आणायला मी एकटी, ड्रायव्हिंग माझं, पिशव्या माझ्या. मुलगी विचारायची, "इज बाबा विथ हिज गर्लफ्रेंड अगेन?" आणि हसायची. मी नाही हसायची. एक पैसा न घेता माणूस दुसऱ्याच्या गाडीत जीव ओततो आणि आपल्या घराचा गळका नळ महिनोन्महिने गळतो, ह्यात मला तरी हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

पण एक होतं. एका दुपारी मी चिवड्याचा डबा घेऊन शेडवर गेले होते. पापाकुराच्या पलीकडे म्हाताऱ्याची दहा एकर जमीन, मधोमध घर आणि शेड, आणि तिथून रस्त्यावरच्या गेटपर्यंत खडीची लांब सरळ लेन, दोन्ही बाजूंना उंच झाडं. म्हाताऱ्याने चिवडा खाल्ला, मिरची लागली, पाणी प्यायला, आणि मग नवऱ्याला म्हणाला, "ज्या दिवशी ही चालेल त्या दिवशी पहिली चक्कर तुझी. मी शेजारी बसेन. गेटपर्यंत जायचं आणि परत यायचं. टॉप गिअरमध्ये." लेन त्याची स्वतःची, तिथे ना गाडीच्या तपासणीचं वॉरंट लागत ना कसले कागद. नवऱ्याने मान हलवली. पण घरी येताना गाडीत त्याचा चेहरा मी पाहिला. ह्या देशात आल्यापासून त्या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्याला हवी होती ती ही एक गोष्ट. ती लेन, ती गाडी, टॉप गिअर, आणि पाय दाबला की आपण खरवडलेल्या नऊ बेअरिंगांवर ती कशी उचलते ते अंगाला कळायला हवं होतं. त्या दिवसापासून मी शनिवारांवरून बोलणं कमी केलं.

गेल्या वर्षी गणपती गेल्यानंतरच्या शनिवारी इंजिन सुरू झालं. मी मुद्दाम गेले होते. पहिल्या दोनतीनदा नुसतं खोकलं, निळा धूर सोडला, आणि मग लागलं. आवाज असा नाहीच, एक श्वास चालल्यासारखा. नवऱ्याने खिशातलं दोन डॉलरचं नाणं काढून इंजिनावर कडेवर उभं केलं, ते तसंच उभं राहिलं. म्हातारा खोक्यावर बसला होता, दोन्ही हात मडगार्डवर ठेवून, डोळ्यांतून पाणी. नवऱ्याने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि सासूबाईंना ते नाणं दाखवलं. आणि म्हातारा उठला, दार उघडलं, डावीकडे बसला आणि म्हणाला, "चल, मेट. काढ बाहेर."

सासूबाई फोनवर होत्या. त्यांनी विचारलं, काय म्हणतोय तो? नवऱ्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, पक्ष चालू आहे. पक्षात कुठे नवीन गाडी काढतोस?"

"आई, नवीन कुठली, नव्वद वर्षांची आहे."

"तुझ्या हातून नवीनच निघतेय ना? दसरा समोर आहे. साडेतीन मुहूर्तांतला आहे. हार घाल, नारळ फोड, लिंबं ठेव चाकाखाली, मग काढ. इतकी वर्षं थांबलास, तीन आठवड्यांनी काय बिघडतंय?"

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "अहो आई, गाडी अमेरिकन, मालक गोरा, शेड न्यूझीलंडची. ह्यात कुठल्या पितरांची हरकत येणार आहे?"

"पितरांना व्हिसा लागत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याशी बोलण्यात कुणी जिंकलेलं नाही.

नवऱ्याने इंजिन बंद केलं.

आता हे ऐकून कुणाला वाटेल काय खुळा माणूस आहे. केसाच्या जाडीचा फरक ओळखणारा इंजिनिअर, आणि आईने पक्ष म्हटलं की खलास. पण आम्ही भारत सोडला तो पितृपंधरवड्यातच. तिकिटं त्याच तारखांची मिळाली होती, आई नको नको म्हणत होत्या, ह्याने ऐकलं नाही. त्याच दिवाळीत माझे सासरे गेले, आणि हा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आईंनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, भांडून मोकळा झाला असता. तेव्हापासून त्यांनी नाही म्हटलेल्या वाटेला तो जात नाही.

त्याने म्हाताऱ्याला समजावून सांगितलं, आमचा सण आहे, त्या दिवशी आम्ही अवजारांची, वाहनांची पूजा करतो, तोपर्यंत थांबू. म्हातारा गाडीतून उतरला. "राइटो," म्हणाला. "ऑक्टोबर. माझ्या वयाला जरा लांब पडतो, पण चालेल." नवरा हसला. मला हसू आलं नाही, कारण त्याच्या गोळ्या माझ्या हातून जात होत्या.

हे कुणाला सांगता येत नाही, आता तो गेला म्हणून लिहिते आहे. अंगातलं पाणी काढायच्या गोळ्यांचा डोस त्या हिवाळ्यात वाढत वाढत गेला होता. पाय सुजलेले असायचे, काउंटरपर्यंत यायला दम लागायचा. आमच्या धंद्यात पेशंटचं घरी बोलायचं नाही, नवऱ्याजवळही नाही. म्हणून मी परतीच्या वाटेवर नुसती भांडले. म्हटलं, उद्याच जा, फिरवून ये, आईंना कळवू नको. म्हटलं, म्हातारं माणूस आहे, त्याची हौस आहे, त्याला का लटकवतोस? तो म्हणाला, तुला आईचं काही पटतच नाही. म्हणजे हे भांडण सासूसुनेचं झालं, म्हाताऱ्याच्या हृदयाचं राहिलंच नाही. नियम मीच पाळला आणि मीच खाष्ट ठरले.

पुढच्या आठवड्यात, पक्ष संपायच्या आत, म्हातारा झोपेत गेला. पितरांचा मान राखायला हा थांबला, आणि तेवढ्यात एक जिवंत माणूस पितर होऊन गेला. हे मी नवऱ्याला तोंडावर बोलले. बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही. त्याने अंगणातली खुर्ची उचलली आणि मागे लिंबाच्या झाडापाशी जाऊन बसला.

म्हाताऱ्याचा मुलगा ब्रिस्बेनहून आला. साठीचा, सभ्य, बोलायला मऊ. बापाशी फार येणंजाणं नव्हतं. अंत्यविधीला त्याने नवऱ्याचा हात हातात घेऊन सांगितलं, "डॅड म्हणायचा, इंजिनाला तू जरा हात लावलास." जरा. आठ वर्षांचे शनिवार, नऊ बेअरिंगं, आणि जरा हात लावलास. मला वाटलं, आता तरी हा बोलेल. हा म्हणाला, "नो वरीज."

तिथेच जुन्या गाड्या जमवणारा एक माणूस आला होता, वायकाटोत त्याचं खासगी संग्रहालय आहे. म्हाताऱ्याने त्याला कित्येकदा हाकललं होतं. मुलाला जमीन विकायची होती, शेड रिकामी करायची होती, संग्रहालयवाल्याच्या एका फोनवर गाडीचा सौदा ठरला. मुलाने आम्हालाही कळवलं, वर म्हणाला की शेडमधली हवी ती हत्यारं घेऊन जा.

मी नवऱ्याला सांगितलं, त्याला जाऊन सांग. बापाने शब्द दिला होता म्हणावं, गाडी नको, पैसे नकोत, फक्त गेटपर्यंत जाऊन येतो. पाच मिनिटांचं काम. नवरा म्हणाला, "कसं सांगायचं? त्याचा बाप गेलाय, आणि मी काय चक्कर मागू? शिवाय साक्षीला कोण आहे?"

"मी आहे," मी म्हटलं. "तुम्हा लोकांना मागायला काय होतं रे? बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही. भीड भिकेची बहीण असते हे तुझी आईच सांगते ना? मग हे तिचं का नाही ऐकत?"

"दसऱ्याला विचारतो," तो म्हणाला. "पूजेला म्हणून जाऊ, तेव्हा विषय निघेल." माझ्यापुढे कपाळावर हात मारण्याशिवाय काही उरलं नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मुलाचा फोन आला. ट्रक आलाय, गाडी न्यायला, आणि ती सुरू कशी करायची कुणालाच कळत नाहीये, येतोस का? नवरा डेपोतून निघाला, मी दुकानातून. पोचले तेव्हा शेडच्या दारासमोर एक मोठा ट्रक लागला होता, मागचा प्लॅटफॉर्म तिरका करून जमिनीला टेकवलेला. ड्रायव्हर म्हणत होता, सुरू नाही झाली तरी चालेल, दोरखंडाने ओढून घेतो वर. नवरा म्हणाला, "नको, ओढू नका. मी चढवतो."

मला राहवलं नाही. मी मुलाला इंग्रजीत सांगितलं, तुझ्या वडिलांनी ह्याला पहिली चक्कर कबूल केली होती, त्या लेनमधून, गेटपर्यंत. मी समोर होते. मुलगा गोरामोरा झाला. नवऱ्याला म्हणाला, "अरे, मग आधी का नाही सांगितलंस? मी आनंदाने दिली असती." मग ट्रकवाल्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. म्हणाला, पैसे सकाळीच झाले, आता ती माझी नाही, काही झालं तर इन्शुरन्स संग्रहालयवाल्याचा. ट्रकवाल्याने खांदे उडवले. मुलगा वाईट बोलत नव्हता, हेच वाईट होतं. त्याने खरंच दिली असती.

नवरा माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "आता गप्प बस." इतक्या वर्षांत तो माझ्याशी त्या आवाजात कधी बोलला नव्हता.

म्हाताऱ्याने गाडी शेडमध्ये तोंड आत करून लावली होती. ट्रक मागे. म्हणजे बाहेर काढायची ती उलटीच. नवरा आत बसला, काय काय ओढलं, दाबलं, आणि ती एका झटक्यात सुरू झाली. त्याने रिव्हर्स टाकला. शेडच्या दारातून, ओल्या गवताच्या त्या पट्ट्यावरून, मान मागे वळवून, ट्रकवर. माणूस पाण्याचा ग्लास हातात घेऊन चालतो तशी ती गेली, कुठे धक्का नाही. वर चढल्यावर त्याने इंजिन बंद केलं. मागच्या काचेतून, ट्रकच्या टपावरून, त्याला ती लेन दिसत असणार, झाडं, गेट, सगळं. सरळ. मग खिशातला रुमाल काढून स्टिअरिंग पुसलं आणि उतरला.

ट्रकवाला साखळ्या बांधत म्हणाला, "सुंदर चालते. कुणी बांधलं इंजिन?"

मुलगा म्हणाला, "माझ्या वडिलांनी."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हात पुसत होता. मला तिथे, त्या गवतावर, त्याचा इतका राग आला, आणि इतकं रडू आलं, की मी जाऊन आमच्या गाडीत बसले आणि काचा वर केल्या.

दसऱ्याला त्याने आमच्या जपानी गाडीची पूजा केली. पापाटोएटोहून झेंडूचा हार आणला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मुलगी फोटो काढत होती. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. तिकडे सकाळ होती, त्या आंघोळ करून जरीची साडी नेसून बसल्या होत्या.

"झाली का रे गाडीची पूजा?"

"झाली."

"आणि चक्कर मारलीस? तुझ्या त्या म्हाताऱ्याला शेजारी बसवून?"

नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हातारा गेल्याचं त्याने त्यांना सांगितलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी हात पुढे केला होता, फोन घेऊन सगळं ओकून टाकायचं म्हणून. मग त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचा तो उजळलेला चेहरा पाहिला आणि हात मागे घेतला.

"हो आई," तो म्हणाला. "गेटपर्यंत गेलो आणि आलो."

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "थांबलास म्हणून सगळं नीट झालं की नाही?"

"हो आई," तो म्हणाला. "बरं झालं थांबलो."